वहिनी, तुम्ही जा इथून

फौजदार चहाच्या वेळेला येणार होता, आणि आत्या सकाळपासून बिस्किटं लपवत होती.

"माणूस न्यायला येणाऱ्याला बिस्किटं द्यायची नसतात," ती म्हणाली आणि डबा तिने फडताळात सगळ्यात वर, इस्त्रीच्या मागे सरकवला. "कोरा चहा द्या. तोही गार."

"न्यायला नाही हो, नुसतं जबाबाला," धाकटी काकू म्हणाली.

"जबाबाला बोलावतात तेव्हा कपड्यांचा जोड बरोबर घ्या म्हणतात का?"

काल जाताना, बूट चढवता चढवता, फौजदार अगदी सहज म्हणाला होता की मोठ्या बाईंनी एखादा जोड बरोबर ठेवलेला बरा. ते ऐकून काका होते तिथेच भिंतीला टेकले. आणि त्यांची बायको, मोठी काकू, जिच्याबद्दल हे चाललं होतं, तिने विचारलं होतं, "स्वेटर लागेल का?"

आता ती पिशवी दिवाणावर होती आणि बेबी तीत कपडे भरत होती. साडी, परकर, टॉवेल, स्वेटर. एवढं भरायला खरं तर काही वेळ लागत नाही. बेबी प्रत्येक गोष्ट घडी करत होती, उलगडत होती, पुन्हा घडी करत होती.

बाबा फ्रेमच्या दुकानात काच कापायच्या टेबलाशेजारी सापडले त्याला दुसरा आठवडा लागला होता. सुरुवातीला सगळे ‘पडले’ असंच म्हणत होते. माळ्यावर फ्रेमच्या लाकडी पट्ट्या असत. त्या काढायला शिडीवर चढले असतील, तोल गेला असेल, टेबलाचा कोपरा लागला असेल. वय झालंच होतं. मग फौजदाराचं लक्ष शिडीकडे गेलं. शिडी भिंतीवर तिच्या हुकाला नीट अडकवलेली होती. शिडीवरून पडलेला माणूस आधी शिडी जागेवर ठेवून मग मरत नाही, एवढं कुणालाही कळण्यासारखं होतं. "आणि वस्तू जागच्या जागी ठेवायची सवय बायकांना असते," असंही फौजदार म्हणाला होता. तशाही अवस्थेत बेबीला त्याला विचारावंसं वाटलं होतं की तुमच्या घरी तुमच्या वस्तू कोण जागेवर ठेवतं.

त्या दिवसापासून घरात ‘पडले’ हा शब्द बंद झाला. ‘गेले’ म्हणायचं, असं कुणी न ठरवताच ठरलं.

बेबी बाबांची एकुलती मुलगी. चाळिशी उलटली होती, परगावच्या कॉलेजात ग्रंथपाल होती, तिच्या टेबलासमोर मुलं आवाज न करता चालत. पण या घरात ती बेबीच होती. आई गेली तेव्हा तिला स्वतःची वेणीही घालता येत नव्हती. ती मोठ्या काकूने घातली. त्यानंतरची प्रत्येक वेणी, ताप, पहिली पाळी, पहिलं भांडण, सगळं मोठ्या काकूनेच निस्तरलं. आणि आता एका वाक्यावरून तिच्यासाठी पिशवी भरायची वेळ आली होती.

ते वाक्य शेजारच्या टेलरबाईचं होतं. तिच्या आणि बाबांच्या दुकानात फक्त प्लायवूडची भिंत होती. मोठी काकू त्या दुपारी बाबांचा डबा घेऊन दुकानात गेली होती, हे तिने स्वतःच सांगितलं होतं. डबा ठेवला आणि मागच्या दाराने परत आले, असंही सांगितलं होतं. पण तिला परत जाताना कुणी पाहिलं नव्हतं, आणि टेलरबाईने मात्र ऐकलं होतं.

"काय म्हणाली माहितीये?" धाकटी काकू म्हणाली. माहीत सगळ्यांना होतं. धाकटी काकू ते रोज एकदा तरी म्हणून दाखवी, आणि दर वेळी त्यात थोडा अभिनय वाढलेला असे. आज तिने एक हात पुढे केला. "‘वहिनी, तुम्ही जा इथून!’ आणि मग धाडकन आवाज."

"पुरे गं," आत्या म्हणाली.

"मी माझं काही सांगत नाहीये. ती बाई सांगत फिरते. आधीच भरतकामाला पहिलं बक्षीस मिळाल्यापासून तिचे पाय जमिनीला लागत नाहीत. तेच ते, गल्लीचं चित्र. भाऊजींकडे फ्रेमला दिलं होतं ना, सभागृहात लावणार म्हणून?" मग स्वयंपाकघराकडे नजर टाकून तिने आवाज खाली आणला. "पण बेबी, खरं सांगू? आता ताईंच्या हातचा चहा घ्यायची मला भीतीच वाटते."

"सकाळी दोनदा घेतलास."

"घेतला. पण भीत भीत घेतला."

बेबी हसणार होती. हातात काकूचा स्वेटर होता, एक बाही आत घातलेली, दुसरी घालायची राहिलेली. तिथेच तिचा हात थांबला.

वहिनी. तुम्ही.

हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकलं होतं की त्यातले शब्द तिला ऐकूच येईनासे झाले होते. आता आले. आणि त्यांच्यामागोमाग टेबलाखालचा तो अंधार आला, काचेचे तुकडे भरलेली पत्र्याची बादली आली, सरसाचा वास आला. लहानपणी शाळा सुटली की ती दुकानात, त्या टेबलाखाली बसून गृहपाठ करी. वर बाबांचा आवाज: "गोटे, तुझा डबा उघडतोय गं. आज तरी मीठ घातलंयस ना?" आणि काकूचा: "नाही घातलं. तुझ्या जिभेला हाड नाही, तिला मीठ कशाला?" तेवढ्यात दारात गिऱ्हाईक येई, आणि बाबांचा आवाज बदलून जाई, इतका की टेबलाखाली बसलेल्या बेबीला वर दुसराच कुणी माणूस आला असं वाटे. "वहिनी, तो डबा तिकडे ठेवा. तुम्ही बसा ना, वहिनी."

स्वेटर तसाच टाकून बेबी स्वयंपाकघरात गेली.

मोठी काकू ओट्याशी उभी राहून काचेच्या बरण्या पुसत होती. बरण्या स्वच्छच होत्या.

"काकू, बाबा तुला वहिनी म्हणायचे नाहीत."

काकूने बरणी खाली ठेवली. "हळू बोल."

"कुणी नसताना कधीच म्हणायचे नाहीत. मग त्या बाईने ते ऐकलं कसं?"

"ऐकलं असेल काहीतरी."

"काकू! तू हे फौजदाराला सांगितलं का नाहीस?"

काकूने बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. तिथे काका वर्तमानपत्र उलगडून बसले होते. त्यांनी सकाळपासून पान उलटलेलं नव्हतं.

"काय सांगू?" ती म्हणाली. "तुझे बाबा मामाकडे शिकायला होते ना, ते माझंच गाव. एका वर्गात होतो आम्ही. मी ठेंगणी, म्हणून गोटी. पुढे माझ्या लग्नाची बोलणी करायला तुझे आजोबा आले, तेव्हा तुझ्या काकांबरोबर या धाकट्यालाही घेऊन आले. मी चहा घेऊन बाहेर येते तर हा समोर. आम्ही दोघं असे दचकलो! आणि तुझ्या काकांनी त्याला तिथेच विचारलं, कधी पाहिलंयस का रे यांना शाळेत? तर हा म्हणाला, नाही."

"का?"

"लाजला. काय वय होतं त्याचं? आणि तो नाही म्हणाल्यावर मी कशी हो म्हणू? वाटलं, उद्या सांगू. मग लग्न झालं. मग वाटलं, आता सांगितलं तर म्हणतील, इतके दिवस का नाही बोललात. मग आणखी दिवस गेले." तिने पुन्हा बरणी उचलली. "काही नव्हतं गं त्यात. नुसतं तू म्हणायचो एकमेकांना. पण नसलेली गोष्ट इतकी वर्षं झाकून ठेवली की ती असल्यासारखीच दिसते. आता ते सांगितलं तर फौजदार काय म्हणेल? म्हणेल, अच्छा, म्हणजे असं होतं तर. आणि हे काय म्हणतील?"

"पण चौकीत..."

"चौकीतून माणूस परत येतो, बेबी. यांच्या मनातून उतरले तर कुठून परत येऊ?"

"गोटी?" दारातून आवाज आला.

आत्याला डाव्या कानाने कमी ऐकू येई, पण जे आपल्याला सांगितलेलं नाही ते तिला दोन्ही कानांनी ऐकू येत असे. ती कमरेवर हात ठेवून उभी होती आणि तिचा चेहरा अपमानाने लाल झाला होता. "मी त्याची सख्खी बहीण. मला तो आयुष्यभर म्हशी म्हणाला. आणि वहिनीला गोटी! आणि मला पत्ता नाही!"

"वन्सं, पाया पडते, ओरडू नका."

"ओरडत नाही. विचार करतेय." आत्या विचार करताना खालचा ओठ पुढे काढी. घरातल्यांना त्या ओठाची धास्ती होती. "ती टेलरीण खोटं बोलतेय. खोटं बोलतेय म्हणजे तिनेच केलंय."

"आत्या, खोटं सगळेच बोलतात. तिला नुसतं महत्त्व हवं असेल."

"मग बोलावू या. विचारू या."

"खुनाच्या साक्षीदाराला घरी बोलवायचं? काय सांगून?"

आत्याने बेबीकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुझा कुर्ता बघ. बाप गेल्यापासून जेवलीस कुठे? खांद्यावरून ओघळतोय नुसता. दुरुस्ती करायला नको?" आणि मग, जरा थांबून, "तो बिस्किटांचा डबा काढा खाली. फौजदार जरा लवकर आला तर बरं होईल. तोंडात बिस्कीट असलं की माणूस गप्प बसतो, आणि गप्प बसला की ऐकतो."

"काही करायचं नाही," मोठी काकू म्हणाली. "बेबी, माझी शपथ आहे तुला."

बेबीने हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

टेलरबाई आली ती टेप गळ्यात घालूनच. या घरात आत काय चाललंय हे बघायला सगळं गाव टपून बसलेलं असताना तिला थेट आतल्या खोलीत बोलावणं आलं होतं. ती हातातलं काम टाकून आली होती. उंच, नीटनेटकी बाई. बसायच्या आधी तिने दिवाणावरची चादर ओढून सरळ केली. त्याच्या कोपऱ्यात कपड्यांची पिशवी दिसली तशी तिने मान वळवली.

"स्टुलावर उभ्या राहा, बेबीताई. हात जरा लांब. अरेरे, किती वाळलात हो!"

बाहेरच्या खोलीत कपबश्यांचा आवाज झाला. फौजदार आला होता, आणि धाकटी काकू त्याला, भीतीने की उत्साहाने कोण जाणे, सारखी "घ्या ना, घ्या ना" करत होती. दोन खोल्यांमध्ये फक्त एक पडदा होता. बेबी स्टुलावर उभी होती त्यामुळे तिला पडद्याच्या वरून काकांचं डोकं दिसत होतं, मधोमध विरळ झालेलं. मोठी काकू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने बेबीकडे बघून एकदाच मान हलवली. नको.

टेलरबाईने टाचण्यांची चिमूट तोंडात धरली आणि कामाला लागली. एक टाचणी ओठांतून निघायची, कुर्त्यात जायची. बेबीला तिची बोटं कमरेपाशी जाणवत होती, थंड, सराईत.

"कान मात्र तिखट हं तुमचे," आत्याने सुरुवात केली. तिने बोलताना तोंड पडद्याकडे केलं होतं.

"हं," टेलरबाई टाचण्यांमधून म्हणाली.

"शिलाई मशीनच्या आवाजात एवढं ऐकू आलं?"

टेलरबाईने टाचण्या हातावर काढल्या. कामात चूक काढल्यासारखं तिला वाटलं असावं. "मशीन बंद होती. दुपारी मी हाताने काजं करते. शटर अर्धं खाली असतं. लोकांना वाटतं दुकान बंद आहे."

"म्हणजे त्यालाही वाटलं असेल, शेजारी कुणी नाही."

"वाटणारच. नाहीतर भाऊ आवाज चढवतील का? दुसऱ्याच्या देखत?" टाचण्या पुन्हा तोंडात गेल्या.

"आणि ‘वहिनी’च म्हणाला? ‘ताई’ नाही? ‘बाई’ नाही?"

कमरेपाशी चाललेला हात क्षणभर थांबला. मग टाचण्या पुन्हा बाहेर आल्या. "आत्याबाई, इतकी वर्षं शेजारी आहे मी. वहिनी बसा, वहिनी डबा तिकडे ठेवा. रोज ऐकायचे. कधी एक शब्द वावगा नाही. म्हणून तर त्या दिवशी मला एकदम चर्रर्र झालं."

बाहेर कुणीतरी बशीत बिस्कीट मोडलं.

आता बोलायला हवं होतं. आत्या बोलू शकली असती, पण आत्याने ते स्वतः ऐकलेलं नव्हतं. टेबलाखाली बेबी बसली होती. बेबीला पडद्यावरून काकांचं डोकं दिसत होतं. तिला वाटलं, हे डोकं आत्ता, या क्षणी, ज्या घरात आहे ते घर माझ्या एका वाक्याने दुसरंच होणार आहे. काकांचा भाऊ गेला, आता तो कसा होता तेही जाणार. आणि न बोलावं तर दिवाणावर पिशवी होती. पिशवीवर तसाच टाकलेल्या स्वेटरची एक बाही अजून बाहेर लोंबत होती.

"बाबा काकूला वहिनी म्हणायचे नाहीत," बेबी म्हणाली.

मोठी काकू दारातून आत वळली. तिची फक्त पाठ दिसू लागली.

"असं कसं?" टेलरबाई म्हणाली. "मी स्वतः—"

"तुमच्या देखत म्हणायचे. कुणाच्याही देखत म्हणायचे." आपला आवाज कॉलेजात सूचना वाचून दाखवताना लागतो तसा लागलाय, हे बेबीला ऐकू येत होतं, पण दुसरा आवाज तिच्याकडे नव्हता. "कुणी नसलं की ते तिला गोटी म्हणायचे. तू म्हणायचे. लहानपणी एका शाळेत होते दोघं. मी दुकानात टेबलाखाली बसून ऐकत मोठी झाले. ‘गोटे, तू जा आता’, असं म्हणाले असते. ‘वहिनी, तुम्ही जा’ असं बंद दुकानात ते तिला मेले तरी..."

ती थांबली. शब्द तोंडातून गेला होता.

बाहेर कपबशी वाजेनाशी झाली. काकांचं डोकं हललं नाही.

"रागात म्हणाले असतील," टेलरबाई म्हणाली.

"रागात माणूस मान देतो का?" आत्या म्हणाली. "मला नुसता प्रेमात आला तरी म्हशी म्हणायचा!"

"बाई," बेबी म्हणाली, "तुम्ही समोर असतात, तर ते वहिनी म्हणाले असते. तुम्ही समोर नव्हतात, तर ते म्हणालेच नाहीत. यातलं कुठलं खरं, तेवढं सांगा."

कमरेला टाचणी लागली. बेबीने हूं की चूं केलं नाही.

टेलरबाईचा चेहरा तापला होता. दुरुस्तीला आलेला कपडा परत आणून कुणी ‘बाही आखूड झाली’ म्हटलं की ती अशीच दिसे. "म्हणजे मी खोटं बोलते? आजवर माझ्या एका टाक्यात कुणी चूक काढलेली नाही. म्हणाले म्हणजे म्हणाले! मग असेन मी समोर!"

ते तिने अशा तोऱ्यात म्हटलं की वाक्य संपून गेल्यावरच ते तिच्या स्वतःच्या कानांवर पडलं. तिच्या हातातल्या टाचण्या फरशीवर सांडल्या.

"अगं बाई!" पडद्यापलीकडून धाकटी काकू ओरडली.

पडदा सरकला. फौजदार उभा होता, हातात अर्धं बिस्कीट. ते कुठे ठेवावं हे त्याला सुचेना. शेवटी त्याने ते खिशात टाकलं.

टेलरबाई खाली वाकून टाचण्या वेचू लागली. एकेक, निवांतपणे, टोकं एका बाजूला करून. कुणी तिला थांबवलं नाही. तिच्याशी पहिल्यांदा बोलली ती मोठी काकू. ती केव्हा पुन्हा दारात येऊन उभी राहिली होती ते बेबीला कळलं नव्हतं.

"शिडी तुम्ही अडकवलीत का हो?"

"आडवी पडली होती," टेलरबाई म्हणाली. "येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय अडकला असता."

मग तिने सांगितलं. तिला फार विचारावं लागलं नाही. ‘वहिनी’चं ते वाक्य तिने रचलेलं होतं; मोठी काकू डबा ठेवून केव्हाच गेली होती. बक्षीस मिळालेलं ते गल्लीचं चित्र तिचं नव्हतं, सासूचं होतं. सासूची दृष्टी गेली त्याच्या आधीचं, ट्रंकेत पडून राहिलेलं. टेलरबाईने ते आपल्या नावाने पाठवलं. "त्यांना दिसत नाही. म्हटलं, कुणाचं काय जातं?" पण फ्रेम पाहायला म्हातारी हट्टाने बरोबर आली, कापडावरून हात फिरवला आणि म्हणाली, ही माझी गल्ली. ही आमच्या माडीची खिडकी. बाबा तिथेच उभे होते. दुसऱ्या दिवशी ते टेलरबाईला म्हणाले, बाई, मी खाली आजींचं नाव लावणार.

"सभागृहात लागणार होतं ते. सगळं गाव येणार होतं. मी म्हटलं, भाऊ, नका. ते म्हणाले, आजींना दिसणार नाही, पण लोक वाचून दाखवतील. आणि पट्टी काढायला शिडीवर चढले. मी नुसती शिडी हलवली. त्यांनी थांबावं म्हणून."

"कितीदा हलवलीत?" फौजदाराने विचारलं.

टेलरबाईने वेचलेल्या टाचण्या बेबीच्या हातावर ठेवल्या.

"ते खाली येईपर्यंत," ती म्हणाली.

बेबी स्टुलावरच उभी होती. उतरायचं कसं हे तिला आठवत नव्हतं. या बाईचा राग यायला हवा, असं ती स्वतःला सांगत होती. तो येईल, उद्या-परवा, एखाद्या पुस्तकावर शिक्का मारताना अचानक येईल, हे तिला माहीत होतं. आत्ता फक्त एवढंच डोळ्यांसमोर येत होतं की शिडी हलू लागल्यावर बाबांनी आधी वरच्या पट्टीला धरलं असेल. पट्टी मोडू नये म्हणून सोडलीही असेल.

फौजदाराबरोबर दारापर्यंत गेल्यावर टेलरबाई वळली. "डाव्या बाजूला दोन टाचण्या राहिल्यात. कुर्ता काढताना जपून."

मागोमाग आत्याने पायांत चपला सरकवल्या. "ती म्हातारी दुकानामागच्या खोलीत एकटी असेल. सून येईल येईल म्हणून बसली असेल." तिने धाकट्या काकूचा दंड धरला. "चल."

"मी? मी कशाला? मी काय सांगू तिला?"

"काही सांगू नकोस. आल्यापासून पहिल्यांदाच गप्प बसायला सांगतेय, तर ऐक." जाता जाता आत्या थांबली, मोठ्या काकूजवळ गेली, आणि काहीतरी बोलायला म्हणून तोंड उघडून ते तसंच मिटून बाहेर पडली. धाकटी काकू मात्र दारातून परत आली, मोठ्या काकूच्या गळ्यात पडली, "ताई, माझ्या मनात तसं काही नव्हतं हं," म्हणाली, आणि पळाली.

मग घरात तिघंच उरली.

काका मघाच्याच जागी होते. वर्तमानपत्र मांडीवर होतं. मोठी काकू पडद्याजवळ उभी होती, अलीकडे ना पलीकडे. बेबी आतल्या खोलीत स्टुलावर बसली. निघून जावं असं तिला वाटलं. पण बाहेर जायचा रस्ता त्या दोघांमधूनच होता.

"मी त्याला विचारलं होतं," काका म्हणाले. ते समोरच्या भिंतीशी बोलल्यासारखे बोलत होते. "तेव्हाच. कधी पाहिलंयस का म्हणून."

"हो."

"नाही म्हणाला."

"हो."

"आणि तू?"

"मीही काही बोलले नाही."

काकांनी वर्तमानपत्राची घडी केली. ती नीट जमली नाही. उलगडून पुन्हा केली आणि बाजूच्या खुर्चीवर ठेवली. बेबीला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. या घरात ओरडण्याला काय उत्तर द्यायचं ते सगळ्यांना माहीत होतं.

"अहो," काकू म्हणाली, "त्यात खरंच काही..."

"ते मला कळतं," काका म्हणाले. "मी म्हातारा झालो, मूर्ख नाही झालो." रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"तो तुला गोटी म्हणायचा."

"हो."

"आणि तू त्याला काय म्हणायचीस?"

काकूने पडद्याची कड मुठीत धरली होती. बाबा गेल्यापासून तिने कुणाला रडताना पाणी दिलं, कुणाची पाठ थोपटली. तिला स्वतःला रडताना बेबीने पाहिलं नव्हतं. दिराच्या मागे वहिनीने जेवढं रडावं तेवढंही ती रडली नव्हती, आणि त्याहून जास्त रडायचा तिला हक्क नव्हता.

"भोवरा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला.

"भोवरा?"

"एका जागी उभा राहायचा नाही म्हणून. गुरुजी फळ्याकडे वळले की हा वर्गाच्या दुसऱ्या टोकाला. झाडावर काय, कौलांवर काय. एकदा शाळेची घंटाच घेऊन पळाला. दिवसभर शाळा सुटेना."

काकांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्या दुपारी पहिल्यांदाच.

"आमचा?" ते म्हणाले. "मला तो कायम खाली मान घालून काच कापतानाच दिसला." त्यांनी घडी घातलेलं वर्तमानपत्र बाजूच्या खुर्चीवरून उचललं आणि खाली जमिनीवर ठेवलं. खुर्ची रिकामी झाली. "घंटेचं काय म्हणालीस? पकडला का मग त्याला?"

काकू लगेच बसली नाही. मग बसली, अगदी कडेला.

बेबी स्टुलावरून उठली, पडद्यापर्यंत आली, आणि कमरेला टोचणाऱ्या टाचण्यांसकट तिथेच उंबऱ्यावर बसून ऐकू लागली.